पाणी गारठलं की बास जिग आणि वर्मला तोंड का लावत नाही?

बास हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा; जिग म्हणजे जड डोक्याचा, धाग्यांची झालर लावलेला हूक, आणि वर्म म्हणजे गांडुळासारखं मऊ प्लॅस्टिकचं आमिष. तक्रार दर वर्षी तीच असते. उन्हाळ्यात ज्या काठावर बास हटकून मिळायचे, तिथेच पाणी गारठल्यावर सकाळपासून दुपारपर्यंत जिग ओढली तरी रॉडच्या टोकाला साधी थरथर येत नाही. मग पेटीतले रंग एकामागून एक पाण्यात उतरतात, वर्मचा आकार बदलतो, जागा बदलते, आणि परतताना ‘मासे आज बंदच होते’ असा निकाल लागतो.

हा निकाल बऱ्याचदा चुकीचा असतो. या एका तक्रारीमागे तीन वेगळी कारणं असू शकतात. मासा तिथे नाहीच. किंवा मासा आहे, पण आमिष त्याच्यासमोर पुरेसा वेळ थांबत नाही. किंवा मासा आमिष तोंडात घेऊन, थुंकून मोकळा झालाय आणि आपल्याला त्याचा पत्ताही नाही. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, काही तर एकमेकांच्या उलट. माझं मत असं, की तिसरं कारण सगळ्यात जास्त वेळा घडतं आणि संशय मात्र त्याच्यावर सगळ्यात शेवटी जातो. त्यामुळे खाली सगळ्यात जास्त जागा त्यालाच दिली आहे.

इथे बोलतोय ते मुख्यतः लार्जमाउथ बासबद्दल, पाणी १५ अंश सेल्सियसच्या खाली उतरल्यापासून ५ अंशांपर्यंत. स्मॉलमाउथ आणि स्पॉटेड बासचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगतो.

आधी पाण्याचं तापमान बघा, हवेचं नाही

बास थंड रक्ताचा प्राणी. पाणी गार झालं की त्याच्या शरीराचा सगळा कारभार मंदावतो, खाल्लेलं पचायला जास्त वेळ लागतो, त्यामुळे भूक कमी वेळा लागते आणि भक्ष्यामागे धावण्यात शक्ती घालवणं त्याला परवडत नाही. खाणं थांबत नाही, पाठलाग थांबतो. जिग आणि वर्म या दिवसांत चालतात त्याचं कारणही हेच: दोन्ही तळाशी पडून राहू शकतात, म्हणजे माशाला उठून कुठे जावं लागत नाही.

१५ ते १० अंशांच्या दरम्यान बास अजून बराच खेळता असतो. शरद ऋतूत शॅडसारखे छोटे मासे जलाशयाच्या फाट्यांत आत सरकतात आणि बास त्यांच्या मागोमाग जातो. या काळात जिग फार हळू चालवणाराही फसतो. १० अंशांच्या खाली, म्हणजे फॅरनहाइट मोजणाऱ्यांच्या ५० च्या खाली, चित्र बदलतं. ७ च्या खाली गेलं की दिवसातला खाण्याचा काळ आखडतो आणि बहुधा दुपारनंतरच्या तासा-दोन तासांत येतो. पहाटेच्या अंधारात काठावर पोहोचण्याची उन्हाळी सवय तेव्हा सोडलेली बरी.

आकड्यापेक्षा त्याची दिशा महत्त्वाची. सहावरून नऊवर चढलेलं पाणी आणि तेरावरून नऊवर घसरलेलं पाणी, दोन्हीकडे थर्मामीटर ९ च दाखवतो. पण पहिल्यात मासा उथळाकडे सरकतो, दुसऱ्यात तो पाण्याखालच्या उभ्या कड्याला चिकटून बसतो. म्हणून वहीत आजचा आकडा लिहिताना शेजारी मागच्या खेपेचाही ठेवा.

‘खोल पाणी उबदार असतं’ हे वाक्य सर्रास ऐकू येतं, ते अर्धवट खरं आहे. पाणी सगळ्यात जड असतं ४ अंशांना. पृष्ठभाग त्याच्याही खाली गेला तरच तळ वरच्यापेक्षा उबदार ठरतो. ८ अंशांच्या जलाशयात वरपासून खालपर्यंत साधारण सारखंच तापमान असू शकतं. खोल पाण्यात माशाला मिळतं ते स्थैर्य. तिथे तापमान रोज वरखाली होत नाही.

एक अपवाद सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण त्यावर जिगचा इलाज नाही. शरद ऋतूत वरचं पाणी गार होऊन खाली बसतं, थर मोडतात आणि तळाचं प्राणवायू नसलेलं पाणी वर मिसळतं. पाणी अचानक गढूळ-तपकिरी दिसलं, कुजका वास आला, तळाचा कचरा वर तरंगू लागला, तर तुम्ही नेमके त्या दिवसांत आला आहात. अशा वेळी खोल भाग सोडा आणि थर मुळात न बनणाऱ्या उथळ फाट्यात किंवा वाहत्या पाण्याच्या तोंडाशी जा.

मासा घेतोय, आपल्याला कळत नाही

बास आमिष दातांनी पकडत नाही. तो तोंड झटकन उघडतो आणि आत घुसणाऱ्या पाण्याबरोबर आमिष ओढून घेतो. नको वाटलं तर तसंच बाहेर सोडतो. उन्हाळ्यात घेतल्यावर तो वळतो, पळतो, आणि रॉडला ‘टक’ बसते. गार पाण्यात तो वळतच नाही. जिथे होता तिथेच, तोंडात जिग घेऊन बसून राहतो. ‘टक’ची वाट बघणाऱ्याला काहीच कळत नाही.

पुरावे मात्र मागे राहतात. वर्म जिगच्या डोक्यावरून खाली सरकलेला दिसतो. त्याच्या अंगावर बारीक खरखरीत ओरखडे असतात. जिगच्या झालरीचे धागे एका बाजूला गोळा झालेले असतात. मागे लावलेल्या प्लॅस्टिकच्या क्रेफिशचा (झिंग्यासारखा, पंजे असलेला जीव) एक पंजा गायब असतो. प्रत्येक वेळी आमिष बाहेर आलं की ते नीट बघायची सवय लावून घ्या. दिवसभर ‘काहीच नाही’ म्हणणाऱ्याच्या वर्मवर ओरखडे दिसले, तर जागेचा प्रश्न तिथेच मिटला, रंगाचाही मिटला. आता फक्त ओळखायचा प्रश्न उरला.

थंडीतला चावा कसा जाणवतो? बहुतेक वेळा ओल्या फडक्यासारखा: जिग उचलायला गेलं की ती किंचित जड, किंचित लिबलिबीत लागते. किंवा उलट, वजनच नाहीसं होतं, कारण मासा ती घेऊन तुमच्याच दिशेने आलेला असतो. किंवा लाइन हळूच बाजूला सरकते. किंवा तळाचे खडे एकदम जाणवायचे बंद होतात. या चारांतलं काहीही झालं तर विचार करत बसू नका, ढिली लाइन गुंडाळा आणि झटका द्या. गवत निघालं तर निघालं, त्या झटक्याला पैसे पडत नाहीत.

सगळ्यात जास्त चावे वाया जातात ते पहिल्या पडण्यात. आमिष फेकल्यावर लगेच रील बंद करून लाइन ताणली, की जिग सरळ खाली न जाता लोलकासारखी आपल्याकडे झुलत येते. कड्याला चिकटून बसलेल्या माशापासून ती लांब पडते. लाइन पूर्ण सैल सोडली तर जिग सरळ पडते, पण वाटेत कोणी घेतली तरी दिसत नाही. मधला मार्ग असा: जिग जात असताना रॉडच्या टोकाने तिच्यामागे जायचं, लाइनमध्ये एक उथळ झोल ठेवायचा आणि नजर लाइन पाण्यात शिरते त्या जागेवरून हलवायची नाही. तिथे झालेली बारीक उडी, थांबणं, वाकडं जाणं, हाच चावा.

याला जोड म्हणून मोजणी ठेवा. माहीत असलेल्या खोलीवर जिग सरळ सोडून ती तळाला टेकेपर्यंत मनात आकडे मोजा. समजा आठ आले. पुढच्या फेकीत त्याच खोलीवर लाइन पाचलाच सैल पडली, तर जिग तळाला टेकलेली नाही, कोणाच्या तरी तोंडात आहे. अकरा झाले तरी लाइन जातेच आहे, तर एक तर तिथे तळ खोल आहे किंवा मासा पोहतोय, आणि दोन्ही गोष्टी कळणं फायद्याचंच. झालर किंवा मागचं प्लॅस्टिक बदललं की पडण्याचा वेग बदलतो, म्हणून मोजणी पुन्हा करा.

वारा असेल तर हे सगळं बिघडतं. लाइनला कमान येते आणि त्या कमानीत चावा विरून जातो. रॉडचं टोक पाण्याजवळ आणा, वाऱ्याच्या दिशेने किंवा विरुद्ध फेका, आडवं फेकू नका, आणि गरज पडली तर वजन एक पायरी वाढवा.

लाइन कुठली, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. थंडीपुरतं एवढं पुरे. फ्लुओरोकार्बन हा लाइनचा प्रकार पाण्यापेक्षा बराच जड असतो, बुडतो, म्हणून तळाला पडलेल्या जिगचं सगळं वरपर्यंत पोहोचतं. मात्र तो कडक असतो आणि थंडीत रीलवरून वेटोळी उडतात; रीलवर जरा कमी भरा. विणलेली लाइन जवळजवळ ताणतच नाही, पण ती तरंगते, पाणी धरून ठेवते आणि हवा शून्याखाली गेली की रॉडच्या कड्यांमध्ये बर्फ धरते. स्पिनिंग रॉडवर हलका वर्म चालवायचा असेल तर बारीक विणलेली लाइन आणि पुढे दोन-अडीच मीटर फ्लुओरोकार्बन ही जोडी मला सगळ्यात सोयीची वाटते. साधी नायलॉन लाइन खोल पाण्यात इतकी ताणते, की लांबवरचा हलका चावा तिच्यात जिरून जातो. उथळ पाण्यात, जवळच्या फेकीला ती ठीक आहे.

जिग रीलने ओढू नका, रॉडने ओढा. रील फिरवताना हाताला रीलचे दातेच जास्त जाणवतात. रॉड आडवा किंवा थोडा वर धरून एक-दीड वीत बाजूला न्या, थांबा, मग तेवढीच लाइन गुंडाळा आणि रॉड परत जागेवर आणा. रॉड खूप उंच नेऊन थांबू नका, त्या अवस्थेत चावा आला तर झटका द्यायला जागाच उरत नाही. आणि लाइन तर्जनीवरून जाऊ द्या. जाड हातमोज्यांतून काहीच कळत नाही. त्या एका बोटाचं टोक उघडं ठेवावंच लागतं. बोट बधिर झालं तर थांबून ऊब द्या. बधिर हाताने जिग चालवणं म्हणजे आंधळी मासेमारी.

वजनाचा पेच

हलकी जिग हळू पडते, म्हणून थंडीत हलकी वापरा, असा सल्ला मिळतो. सल्ला बरोबर आहे, पण हलकी जिग तळाला टेकलेली कळली नाही तर तिचा काही उपयोग नाही. माझा नियम उलट्या बाजूने आहे: तळ स्पष्ट जाणवेल एवढं सगळ्यात कमी वजन. सुरुवात म्हणून तीन मीटरपर्यंत ७ ग्रॅम, तीन ते सहा मीटरला १० ते १४, त्याहून खोल १४ ते २१. वाऱ्याप्रमाणे एक पायरी वरखाली. औंसांत सांगायचं तर पाव, तीन अष्टमांश, अर्धा आणि पाऊण.

पडण्याचा वेग कमी करायला वजन घटवण्याआधी अंगाचा पसारा वाढवून बघा. दाट झालर, मागे रुंद चपटं प्लॅस्टिक लावलं, की १४ ग्रॅमची जिगसुद्धा तरंगत गेल्यासारखी पडते आणि तळाची खबर मात्र पूर्ण देते. वर्मच्या बाबतीत शिशाऐवजी टंगस्टनची गोळी घ्या. टंगस्टन शिशापेक्षा बराच घन, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लहान आणि कडक; खडकावर आपटलेली आणि चिखलात रुतलेली यातला फरक हाताला लगेच समजतो. काही ठिकाणी शिशाच्या छोट्या वजनांवर बंदी आहे, तिथे हा प्रश्न आपोआपच सुटतो.

लागतो आणि सुटतो

चावा कळला, झटका दिला, दोन क्षण वजन लागलं आणि सुटलं. हे सारखं होत असेल तर आधी हूकचं टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच घासून बघा. घसरलं तर ते बोथट आहे. खडकावरून दिवसभर ओढलेल्या जिगचं टोक संध्याकाळी सकाळसारखं राहत नाही.

टोक ठीक असेल तर जिगच्या पुढचा गवत-रोधक ब्रश तपासा. विकत आलेल्या जिगला तो बहुधा गरजेपेक्षा दाट असतो. उन्हाळ्यात मासा जिग ओढत नेतो आणि ब्रश आपोआप दबतो. गार पाण्यात तोंड मिटलेलं असतं आणि त्या ब्रशला दाबायला फक्त तुमचा झटका असतो. थोडे धागे मुळापासून कापा आणि उरलेले हूकच्या टोकाच्या किंचितच वर राहतील एवढे छाटा. फांद्या नसलेल्या खड्यांच्या तळावर अर्धे काढले तरी चालतात.

टेक्सास पद्धतीने लावलेल्या वर्ममध्ये हूकचं टोक प्लॅस्टिकच्या आत असतं, ते आधी प्लॅस्टिक फाडून बाहेर यावं लागतं. थंडीत प्लॅस्टिक कडक होतं आणि नेमकं तेव्हाच झटका अपुरा पडतो. टोक वर्मच्या पाठीतून पूर्ण बाहेर काढून फक्त वरच्या कातडीत टोचून ठेवा. हूकचा आकार वर्मच्या जाडीशी जुळवा. सडपातळ सहा इंची वर्मला ३/० मापाचा हूक पुरतो, जाड अंगाला रुंद वाकाचा हूक लागतो, नाहीतर टोक आणि दांडा यांच्यात प्लॅस्टिकच भरून राहतं.

झटका सगळीकडे एकाच ताकदीचा नसतो. जाड तारेचा हूक, ब्रश, जड रॉड असेल तर लाइन गुंडाळून माशाचं वजन लागताच जोरात. उघड्या, बारीक तारेच्या हूकला जोर दिला तर हूक वाकतो किंवा तोंड फाटतं. तिथे रील फिरवत रॉड बाजूला झुकवणं पुरे. घेतल्यावर किती थांबायचं? वजन जाणवेपर्यंत, त्याहून जास्त नाही. रीलचा ब्रेकही बघून घ्या. लाइनच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याला तो सुटायला हवा, त्याआधीच सुटत असेल तर झटक्याचा सगळा जोर रीलमध्येच संपतो.

फक्त शेपूट तुटून येत असेल तर मासा टोकाला धरतोय किंवा तो बासच नाही, छोटा सनफिश आहे. वर्म एक-दीड इंच तोडून बघा. जिगची झालर हूकच्या वाकापर्यंत छाटा, मागचं प्लॅस्टिक पुढून कापून आखूड करा. तरीही तेच होत राहिलं तर सनफिश समजा आणि पुढे सरका.

कडक झालेल्या प्लॅस्टिकबद्दल दोन ओळी. मऊ प्लॅस्टिकचा वर्म १९४९ च्या सुमारास निक क्रीम यांनी ओहायोतल्या अॅक्रनमध्ये बाजारात आणला आणि उन्हाळी मासेमारी बदलली. पण गार पाण्यात जिगमागे डुकराच्या चामडीचा तुकडा लावणारे त्यानंतरही कित्येक दशकं हटले नाहीत, कारण तो तुकडा थंडीत मऊच राहतो. आज तो मिळणं अवघड झालंय. पर्याय म्हणून मऊ ओतीव प्लॅस्टिक निवडा आणि लागणारी पाकिटं अंगरख्याच्या आतल्या खिशात ठेवा. ताणल्या जाणाऱ्या इलास्टोमरचे वर्म साध्या प्लॅस्टिकच्या डब्यात मिसळू नका, दोन्ही वितळून एकमेकांना चिकटतात.

मासा आहे, पण तोंड लावत नाही

‘हळू करा’ हा सल्ला सगळे देतात आणि बहुतेक जण त्याचा अर्थ ‘सतत हळू ओढा’ असा घेतात. सतत हळू ओढलेली जिगही माशासमोरून निघून जातेच. थंडीतला हळूपणा थांबण्यात आहे. चार बोटं सरकवा आणि मग दहा-पंधरा सेकंद काहीच करू नका. ७ अंशांच्या खाली याहूनही जास्त. झालरीचे धागे स्थिर जिगवरही हळूहळू उमलत राहतात, तेवढी हालचाल पुरते. स्मॉलमाउथसाठी हरणाच्या शेपटीच्या केसांची किंवा माराबू पिसांची छोटी जिग याच कारणाने थंडीत रबरी झालरीपेक्षा सरस ठरते: ती न हलवताही श्वास घेत असते.

थांबताना आमिष कसं पडून राहतं हेही बघा. साधा वर्म तळावर आडवा पडतो. गोल किंवा चपट्या तळाच्या डोक्यावर लावलेला तरंगता इलास्टोमर वर्म शेपूट वर करून उभा राहतो आणि खाली तोंड करून काहीतरी टिपणाऱ्या छोट्या जिवासारखा दिसतो. नेड पद्धत म्हणून ओळखली जाते ती हीच. दीड ते तीन ग्रॅमचं डोकं, अडीच-तीन इंचांचा वर्म. सुस्त माशाला ती खपते. मात्र सहा मीटरच्या पुढे आणि वाऱ्यात ती चालवणं म्हणजे संयमाची परीक्षा, तिथे ड्रॉप शॉट बरा, वजन तळाशी आणि वर्म त्याच्या वीतभर वर, जागचा न हलता.

शेपटीचा आकार बदला. गोल वळलेल्या, फडफडणाऱ्या शेपटीला हलण्यासाठी वेग लागतो आणि वेग तर आपण काढून घेतलेला असतो. सरळ शेपटीचा वर्म, पंजे न हलवणारा क्रेफिश, किंवा जिगमागे नुसता चपटा तुकडा. लांबी चार ते सहा इंच.

आता उलटी गोष्ट. १० ते १३ अंशांच्या पट्ट्यात, आणि स्पॉटेड बास असतील तर त्याखालीही, पडून राहणाऱ्या जिगकडे मासे ढुंकून बघत नाहीत असे दिवस येतात. तेव्हा जड फुटबॉल जिग (लांबट गोल डोक्याची) तळावरून झटकन हातभर उचलून पुन्हा पडू द्या. भूक नसली तरी समोरून अचानक सुटणाऱ्या वस्तूवर तोंड टाकण्याची खोड बासला आहेच. अर्धा तास शांतपणे करून काही झालं नाही, तर पुढची पंधरा मिनिटं असं करून बघा. दोन टोकांच्या मधलं, ना धड हळू ना धड जोरात, असं चालवणं मात्र सगळ्यात निष्फळ.

दिशा हा दुर्लक्षित मुद्दा आहे. उथळातून खोलात ओढलेली जिग प्रत्येक सरकण्याला उतारावरून सुटते आणि लाइनशी संपर्क तुटतो. खोलातून उथळाकडे ओढली तर ती उताराला टेकून वर चढते आणि प्रत्येक खडा कळतो. बोट खोल पाण्यात उभी करून काठाकडे फेकायची सवय इथे आड येते. बोट उथळात घेऊन खोलाकडे फेका. काठावरून मासेमारी करणाऱ्याला हे आयतंच मिळतं. चांगल्या जागेवर त्याच बुंध्याच्या डावीकडून, उजवीकडून, मागून पुन्हा पुन्हा फेका. सुस्त मासा पाचव्या वेळेला घेतो, असं होतं.

रंग शेवटी. थंडीत पाणी सहसा निवळतं. निवळ पाण्यात हिरवट-तपकिरी, गढूळ पाण्यात काळा-निळा. एवढ्यावर हिवाळा निघतो.

मासा तिथे नाहीच

वरचं सगळं नीट करूनही आमिषावर ओरखडा नाही, वजन बदलत नाही, तर जागाच चुकली. पसरट, दूरवर उथळ असलेले भाग बास आता सोडतो. त्याला अशी जागा हवी असते, जिथून थोडंसं खाली-वर सरकून खोली बदलता येते: जुनं नदीपात्र काठाला घासून वळतं तो कडा, धरणाच्या भिंतीलगतचे दगड, पुलाचे खांब, भूशिराचं टोक. उभा उतार हवा, आणि त्यावर बसायला एखादा खडक किंवा बुंधा. छोट्या तळ्यात दहा मीटर खोली शोधत बसू नका. तिथे जो काही सगळ्यात खोल खड्डा असेल आणि त्याच्या शेजारचा पहिला उतार, तेच घर.

हिरव्यागार पाणवनस्पती शिल्लक असतील तर तिथे नक्की थांबा. तपकिरी होऊन कुजणाऱ्या वनस्पती प्राणवायू खातात, मासा त्यांच्यातून निघून जातो. एकाच पट्ट्यात अर्धं हिरवं, अर्धं मेलेलं असेल तर सीमारेषेवर फेका. उत्तर गोलार्धात उत्तरेकडचा काठ दक्षिणेकडून येणारं ऊन घेतो, म्हणून ऊन पडलेल्या दुपारी तिथले गडद खडक आजूबाजूपेक्षा अंश-दोन अंश वर असू शकतात. ५ अंशांच्या पाण्यात तेवढा फरक मोठा असतो.

खाणं कुठे आहे तेही शोधा. थ्रेडफिन शॅड थंडी सोसत नाहीत. पाणी ७ अंशांच्या खाली गेलं की ते दुबळे होतात आणि मरू लागतात, आणि बास त्यांच्या खाली नुसता वाट बघत बसतो. पाणपक्षी एका जागी सतत बुड्या मारत असतील तर ती खूण समजा. पाण्याखालचं दाखवणाऱ्या सोनार यंत्रावर मात्र पूर्ण विसंबू नका. उतारावर पोट टेकून बसलेला बास तळाच्या रेषेत मिसळतो आणि पडद्यावर काहीच दिसत नाही.

एका जागेवर अर्धा तास पुरे. पण एक जरी चावा आला तर तिथून हलू नका. थंडीत बास गटाने बसतात, जिथे एक तिथे बहुधा आणखी.

थंड लाट येऊन गेल्यावर निरभ्र आकाश, चढलेला वायुदाब आणि मुके मासे, हे त्रिकूट सगळ्यांना ठाऊक आहे. दोष वायुदाबावर टाकायची पद्धत आहे. हिशोब करून बघा: दाब १ हेक्टोपास्कलने वाढला म्हणजे अंगावर साधारण १ सेंटीमीटर पाणी जास्त आलं. ३० हेक्टोपास्कलचा मोठा बदलसुद्धा माशाने ३० सेंटीमीटर वर जाऊन भरून काढता येतो. मला प्रखर उजेड, थांबलेला वारा आणि उतरतं तापमान ही कारणं जास्त पटतात. कारण काहीही मानलं तरी उपाय तोच: आडोशाला घासून, छोटं आमिष, लांब विराम.

अडकणं

खडकाळ जागी जिग अडकणारच, आणि थंडीत मासे तिथेच बसतात. अडकली की लगेच ओढू नका, ओढल्याने ती फटीत पाचर बसल्यासारखी घट्ट होते. लाइन सैल सोडून रॉडचं टोक भराभर थरथरवा. नाही सुटली तर पलीकडे जाऊन उलट बाजूने तेच करा. फुटबॉल आकाराचं डोकं खड्यांवर छान लोळतं पण मोठ्या दगडांच्या फटींत रुततं. फांद्यांत निमुळतं डोकं बरं. रॉडच्या कड्यांत बर्फ धरला असेल तर कडं पाण्यात बुडवून बर्फ विरघळू द्या. नखाने किंवा चाकूने खरवडलं तर कड्याचा आतला भाग चिरतो आणि पुढे तोच लाइन कापतो.

मासा मिळाल्यावर हात ओले करूनच धरा, आणि हवा शून्याखाली असेल तर त्याला पाण्याबाहेर ठेवू नका. कल्ले आणि डोळे गोठायला वेळ लागत नाही. दहा मीटरच्या आसपासून वर आलेल्या बासची हवेची पिशवी फुगते, तो पोट वर करून तरंगतो. तसं दिसू लागलं तर परत सोडायचे मासे त्या खोलीवरून धरणं थांबवा. सोडण्याचे नियम जागेप्रमाणे बदलतात. जपानच्या बिवा सरोवरात बास परकी प्रजाती असल्यामुळे पकडलेला परत सोडायला मनाई आहे. आणि पाणी १० अंशांच्या खाली असताना बोटीत लाइफ जॅकेट अंगावरच हवं. तेवढ्या गार पाण्यात पडल्यावर श्वास आपोआप धापा टाकू लागतो आणि थोड्याच वेळात हात काम करेनासे होतात; तेव्हा जॅकेट चढवणं जमत नाही.